भीमराज तायडेची बुचं

भीमराज तायडेने नौदलाचं एक अख्खं जहाज बुडवलं, असं घाटकोपरच्या टेकडीवरल्या समतानगरात बोललं जातं. सार्वजनिक नळावर ही बातमी हंड्यांबरोबर भरली जाते आणि घरोघर ओतली जाते. एका आवृत्तीत त्याने जहाजाच्या तळाचं बूच चुकून काढलं. दुसरीत साहेबावर चिडून काढलं. तिसरी खालच्या पिठाच्या गिरणीवर मिळते. तिच्यात तो बूच खिशात घालून पोहत किनाऱ्याला आला, आणि ते बूच अजून त्याच्या खिशात असतं.

यातलं खिशातलं बूच तेवढं खरं होतं. बाकी सगळी फेकाफेक. भीमराजने जन्मात एक होडगंसुद्धा बुडवलेलं नाही, उलट बुडायला निघालेली जहाजं धरून ठेवण्याचंच काम त्याने केलं. बुचं त्याने काढली हे खरं, पण ती जहाजाची नव्हेत. ती काढली समतानगरातच, दशरथ परबाच्या घरामागे, भर दुपारी. आणि काढायची वेळ आली कारण मारलीही त्यानेच होती.

हे कळायला आधी मावशी कळायला हवी.

मावशी म्हणजे जहाज. कागदोपत्री तिला भारदस्त नाव होतं, पण खलाशी तिला मावशीच म्हणत. लढाऊ जहाजं ही तिची भाचरं. कुणाचा पंखा वाकला, कुणाचा पंप बसला, कुणाच्या पोटाला चीर गेली, की ते भाचरू कण्हत यायचं आणि भर समुद्रात मावशीच्या कुशीला लागायचं. मावशीवर तोफा नावापुरत्या. पण तिच्या पोटात ओतकामाची भट्टी होती, लेथ होते, वेल्डिंगचं खातं होतं, पाणबुडे होते, दाढा उपटणारा डॉक्टर होता. आणि सगळ्यात खाली, जिथे डिझेलच्या वासावर लाकडाच्या भुशाचा वास मात करायचा, तिथे सुतारखातं होतं. भीमराज त्या खात्यातला.

जहाजावरचा सुतार खुर्च्या-टेबलं करत बसत नाही. जहाजाला भोक पडलं की त्याने धावायचं. भोकात मऊ लाकडाचं निमुळतं बूच फडक्यात गुंडाळून ठोकायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि जितका वेळ जाईल तितकं घट्ट बसतं. आतली पोलादी भिंत पाण्याच्या रेट्याने फुगली, तर तिला लाकडी टेकू द्यायचे आणि टेकूच्या बुडाशी पाचरी मारायच्या. लढाईच्या वर्षी एका छोट्या जहाजाची अशी फुगलेली भिंत भीमराजने आणि आणखी दोघांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून धरून ठेवली होती. ते जहाज बंदरात परत आलं. या गोष्टीला समतानगरात गिऱ्हाईक नाही, कारण तिच्यात काही बुडत नाही.

तो मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, चिखलीच्या पलीकडचा. गावात त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी, आणि ती होळीच्या आत आटायची. हंड्यातून थेंब सांडला तर आई आधी धपाटा घालायची आणि मग विचारायची, कुठे सांडला. अशा घरातून आलेल्या माणसाला नौदलाने गळती थांबवायला शिकवलं. शिकवण्यासारखं फार उरलंच नव्हतं. टपटप ऐकू आली की भीमराजचा जीव आजही चाळिशी उलटलेल्या पंख्यासारखा खडखडतो, आणि तो उठून नळ आवळून येतो, मग नळ कुणाचाही असो.

त्याची नक्कल करायला अगदी सोपी. तळहात भिंतीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, नाकातून लांब हंऽ काढायचा आणि म्हणायचं, 'ढकलायचं नाही. धरायचं.' टेकूबद्दलचं हे वाक्य तो सगळ्याला लावतो. बस पकडताना, रेशनच्या रांगेत, पोरीच्या अभ्यासाला. एरवी त्याची भाषा मुंबईची, मध्ये मध्ये 'येस सर', 'स्टँडबाय'. पण तो घाबरला की मुंबई गळून पडते आणि मले-तुले सुरू होतं. त्याची बायको द्रौपदी म्हणते, ह्यांचा ताप बघायला थर्मामीटर लागत नाही, दोन वाक्यं बोलायला लावायची.

तर मावशी. तिची भाचरं बदलली. नव्या बोटी आल्या त्या लहान, चपळ, क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या. त्यांच्या पोटात सीलबंद डबे. डबा बिघडला की उघडायचा नाही, काढायचा आणि दुसरा लावायचा. दुसरा डबा गरज पडली तर विमानाने येतो. साचा करून, लोखंड ओतून, लेथवर कातून भाग बसवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आजची लढाई सुरू होऊन संपलेली असते, असं मावशीवरच्या एका साहेबाने सगळ्यांना बसवून समजावलं होतं. साहेब वाईट नव्हता आणि चुकतही नव्हता. भीमराजने घरी येऊन द्रौपदीला सांगितलं की त्यांचं म्हणणं एकदम बरोबर आहे. आणि मग तो जेवला नाही.

मावशी समुद्रावर जाईनाशी झाली. गोदीच्या धक्क्याला दोर बांधून ती उभी राहिली. भीमराजची खलाशाची नोकरी संपली तेव्हा तो त्याच जहाजावर साध्या कपड्यातला सुतार म्हणून परत लागला, म्हणून हे सगळं त्याला जवळून बघायला मिळालं. शेजारी लागलेल्या बोटींना मावशी वीज देई, आंघोळीला गोडं पाणी देई, त्यांच्या पोरांना निजायला बंक देई. दुरुस्त्या किनाऱ्यावरच्या शेडमध्ये होऊ लागल्या. भट्टी विझली आणि तिथे सामानाचं कोठार झालं. शेवटी सुतारखात्याचा नंबर लागला. तिथे काचेचं दार बसलं, थंड हवेचं यंत्र घरघरू लागलं, डबे तपासणारी यंत्रं आली. त्यांना धूळ चालत नाही, म्हणून चपला-बूट बाहेर. ते ठेवायला मांडणी हवी. ती भीमराजने केली, सागाची, सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये अशी. मावशीवरचं त्याचं ते शेवटचं सुतारकाम. पुढे त्याची ड्यूटी त्या मांडणीशेजारीच लागली.

खातं रिकामं करताना जुनी बुचं आणि पाचरी जाळायला काढल्या होत्या. भीमराजने रीतसर विचारून त्यांची एक गोणी घरी आणली आणि खाटेखाली सारली. द्रौपदी म्हणाली, लोकांचे नवरे परदेशातून टेपरेकॉर्डर आणतात, आमचे गोदीतून बुचं आणतात. त्याने गोणी आणखी आत सारली. एक बूच मात्र त्याने पँटच्या खिशात ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

आता भिंत.

समतानगराची वरची चाळ टेकडी कापून बसवलेली आहे. मागे टेकडीचा कापलेला भाग खाली येऊ नये म्हणून दगडी भिंत आहे, दोन पुरुष उंच. भिंत आणि चाळ यांच्यामध्ये एक माणूस हात पसरू शकेल एवढी गल्ली. त्या भिंतीला दोन ओळींत भोकं आहेत, सिमेंटच्या नळ्यांची तोंडं. पावसाळ्यात त्यांतून पाणी झिरपतं, गल्लीतून वाहतं, आणि सगळ्यात सखल घर दशरथ परबाचं असल्याने त्याच्या मागल्या दाराखालून त्याच्या स्वयंपाकघरात येतं.

दशरथ मालवणकडचा. गिरणीत होता, संपानंतर विक्रोळीला एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन झाला. चाळ कमिटीचा अध्यक्ष तो, गणपती मंडळाचा खजिनदारही तोच, आणि मंडपाच्या वाशांचा राखणदार तर जन्मजात. ते वासे त्याने गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली रचून ठेवलेले असत, आणि कुणी त्यांवर चड्डी वाळत टाकली तरी त्याला घरात झोपल्या झोपल्या कळे.

श्याऐंशीच्या श्रावणात त्याची सून नलिनी बाळंतपणाला आली होती. तिची आई नव्हती, म्हणून सासरीच. दशरथची बायको सुंदराबाई हिने दाराला गोणपाटं लावली, पिशव्या कोंबल्या, पण जमीन ओली ती ओलीच. दशरथ भीमराजकडे आला आणि त्याने सरळ डिवचलं.

"तायड्या, तू जहाजावरचो माणूस. समुद्राक थांबवतस, माझ्या घरात येणारा पाणी थांबवूक जमाचा नाय?"

भीमराजला कुणीतरी त्याच्या धंद्याच्या कामाला बोलावत होतं. चपलांच्या मांडणीशेजारी बसलेल्या माणसाला आणखी काय हवं. त्याने गोणी ओढली, मोगरी घेतली आणि गल्लीत शिरला. एकेक बूच फडक्यात गुंडाळायचं, नळीच्या तोंडात बसवायचं, तळहाताने चाचपायचं, मोगरीचे बेताचे ठोके. वरची ओळ झाली, खालची झाली. संध्याकाळपर्यंत गल्ली कोरडी. सुंदराबाईने नारळीभाताचं पातेलं धाडलं. दशरथने नळावर जाऊन जाहीर केलं की चाळीत इतकी शिकलेली माणसं आहेत, पण काम केलं ते नेव्हीने. भीमराज त्या रात्री घोरला. द्रौपदीने ते सगळ्यांना सांगितलं, कारण तो घोरल्याला बरीच वर्षं झाली होती.

भिंतीला भोकं मुळात कशाला ठेवतात, हे त्याच्या मनातही आलं नाही. येणार कसं? जहाजावर भोक हा शत्रू. पाणी बाहेरच्या बाजूचं, ते बाहेरच राहायला हवं, संपलं. जमिनीवरच्या कुठल्याही गवंड्याने त्या नळ्यांना हात लावला नसता. ही चूक करायला जहाजावरचाच माणूस लागतो.

नलिनीला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण घरी आली आणि पाऊस लागून राहिला. पाचवीच्या दिवशी रविवार होता. सुंदराबाई सकाळपासून पूजेच्या तयारीत. संध्याकाळी सटवाई येणार, बाळाच्या कपाळावर लिहिणार, तोवर बाळंतिणीने खोली सोडायची नाही.

दुपारी भीमराज आपली बुचं बघायला गल्लीत आला. कामावर प्रेम असलं की माणूस उगाच चक्कर मारतो. गल्ली कोरडी होती. पण दोरी लोंबत होती.

भिंतीतल्या खिळ्यापासून परबांच्या खिडकीच्या गजापर्यंत सुंदराबाईने दुपट्यांसाठी सुती दोरी ताणली होती. आठवडाभरापूर्वी ती तंबोऱ्याच्या तारेसारखी होती. आता तिच्यावरची लंगोटं जवळजवळ जमिनीला लागत होती. सुंदराबाई दारातून म्हणाली की पावसाने भिजून सैल पडली, दशरथ उठला की आवळून घेते.

भीमराज हसून मान हलवणार होता. पण हसू अर्ध्यावर राहिलं. खलाशाला दोरी कळते. सुती दोरी भिजली की आवळते. ती सैल पडत नाही, कधीच नाही. भिजलेली दोरी सैल दिसली तर त्याचा अर्थ एकच, तिची दोन टोकं जवळ आलीत. खिडकी तर चालत आली नव्हती.

त्याने भिंतीवर तळहात ठेवला. हंऽ म्हटलं नाही. दगड गार होते आणि भिंतीचं पोट बाहेर आलेलं होतं, मावशीच्या भाचराच्या त्या पोलादी भिंतीसारखं, तसंच गोल, तसंच मुकं. मधल्या दगडांच्या सांध्यातलं सिमेंट उकललं होतं. आणि मग त्याला सगळं एकदम कळलं. टेकडीने महिनाभर पाणी प्यायलं होतं, ते या नळ्यांतून बाहेर पडत होतं, आणि त्याने टेकडीचं तोंड बांधलं होतं. पाणी गेलं कुठेच नव्हतं. ते भिंतीच्या पाठीशी उभं होतं. भिंतीसमोर परबांचं घर होतं, आणि त्याच्या आतल्या खोलीत पाच दिवसांचं पोर.

त्याने बुचाला हात घातला. हललं नाही. हलणार नव्हतंच. ते न हलण्यासाठीच केलेलं होतं.

द्रौपदीला हाक मारून त्याने सांगितलं की आजूबाजूच्या खोल्यांतल्या बाया-पोरं खाली मैदानात ने, कारण विचारलं तर मी सांगतो म्हण. मग तो परबांच्या पुढच्या दाराशी गेला. रात्रपाळी करून दशरथचा नुकता डोळा लागला होता, तो लुंगी सावरत बाहेर आला आणि काय झालं ते विचारू लागला. भीमराजने सुरुवात मुंबईच्या भाषेत केली. म्हणाला, दादा, जरा सगळे बाहेर या, भिंत बघायची आहे. मग मुंबई गळून पडली.

"दादा, मले बोलू द्या. हे भीत चालली घरावर. माह्या बुचांनी चालली. म्याच केलं हे."

 दशरथने तायडेच्या तोंडून मले-म्या ऐकलं आणि त्याला जे समजायचं ते समजलं. त्याची झोप उतरली.

"पडतली?"

"आता तं उभी हाय. किती वेळ ते मले नाही सांगता येत."

आतून सुंदराबाई म्हणाली की पडो नाहीतर राहो, बाळंतीण हलणार नाही. आज पाचवी. आणि नेणार कुठे, घरात सोयर आहे, सोयराचं माणूस या पावसात कोण दारात उभं करून घेणार. नलिनी पोराला छातीशी धरून एकदा सासूकडे आणि एकदा सासऱ्याकडे बघत होती.  भीमराजला ही वादावादी ऐकायला वेळ नव्हता. बाया बाहेर येवोत न येवोत, भिंत धरायला हवी होती. तो गल्लीच्या तोंडाशी गेला आणि ताडपत्रीशेजारी थांबला.

इथे त्याच्या डोक्यात पेच पडला. पाणी आधी सोडायचं की टेकू आधी द्यायचे? पाणी भिंत ढकलत होतं, म्हणजे प्रत्येक मिनिट महाग. पण टेकू न देता फुगलेल्या भिंतीला भोक पाडायला जावं आणि तेवढ्या हादऱ्याने ती बसावी, तर? जहाजाचा नियम साफ होता, आधी धरायचं, मग पाण्याला हात लावायचा. पण जहाजाच्याच नियमाने त्याला इथवर आणलं होतं. पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेना. हात पुढे झाले ते नियम आठवून नव्हे, दुसरं काही येत नव्हतं म्हणून.

"दादा, वासे लागतीन. कापून."

गणपती पंधरा दिवसांवर. मागोमाग आलेल्या दशरथने ताडपत्री स्वतः ओढून काढली.

"काप. गणपतीक काय सांगूचा ता मी सांगतंय."

भीमराजने दाराच्या दोन फळ्या मागितल्या. दशरथने मोरीचं दार बिजागरीसकट उपटलं. फळी भिंतीच्या फुगलेल्या पोटाला आडवी लावायची, वासा तिच्यापासून तिरका परबांच्या जोत्यापर्यंत आणायचा, आणि जोत्याशी दोन पाचरी समोरासमोर सरकवायच्या. पाचरी गोणीतल्याच, मावशीच्या. मोगरी त्याने बाजूला ठेवली. ठोका मारायचा नाही, हाताने दाबायचं, अंगठ्याने, मग तळहाताने. दशरथ जोर लावायला गेला तेव्हा भीमराजने त्याचं मनगट पकडलं. ढकलायचं नाही, धरायचं. नेहमी ज्याला सगळी चाळ हसते ते वाक्य होतं, पण या वेळी ते कुजबुजल्यासारखं आलं आणि दशरथने लहान पोरासारखं ऐकलं.

दुसरा वासा बसवताना वरून एक दगड सुटला आणि दोघांच्या मध्ये पडला. आवाज फार नव्हता. पण त्या आवाजाने सुंदराबाई मागल्या दारात आली आणि तिने भिंत पाहिली. आठवडाभर ती रोज तिच्यासमोर कपडे वाळत घालत होती. तिने पहिल्यांदा पाहिली.

द्रौपदी तेवढ्यात पुढच्या दाराने आत शिरली होती. दारात उभं राहून विचारण्याची तिची पद्धत नाही. तिने खुंटीवरची छत्री काढली, नलिनीच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि सुंदराबाईकडे वळली.

"आमच्या घरी सोयर नाही, सुतक नाही. आमी पाळतच नाही. लेकरू घ्या अन् चला."

सुंदराबाईने पंधरा वर्षांत द्रौपदीच्या घरचा चहा घेतलेला नव्हता. नारळीभात गेला होता, तो या बाजूने त्या बाजूला. तिने भिंतीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पूजेचं तबक हातात घेतलं आणि म्हणाली, "सटवाय थय येतली ना गो?"

द्रौपदी म्हणाली, पत्ता मी सांगते तिला. आणि तिघी चौथ्याला घेऊन खाली तायड्यांच्या खोलीकडे उतरल्या.

आता गल्लीत दोनच माणसं. भीमराजने दशरथला बाहेर जायला सांगितलं. दशरथने शिवी दिली आणि तिथेच उभा राहिला, टेकूंवर डोळे ठेवून. भीमराजने गिरमिट काढलं, लाकडाला भोक पाडायचं, हाताने फिरवायचं. फुगलेलं बूच उपटत नाही, पण पोखरता येतं. खालच्या ओळीमागे सगळ्या पाण्याचा भार, म्हणून सुरुवात वरून. तो मोरीच्या पिंपावर चढला, वरच्या ओळीतल्या टोकाच्या बुचाला गिरमिट लावलं आणि फिरवू लागला. पिवळा भुसा त्याच्या मनगटावरून ओघळू लागला. लाकूड चांगलं होतं. इतकं चांगलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

गिरमिट पार गेलं. त्याने ते बाहेर ओढलं आणि डोळे मिटले.

काही आलं नाही.

भोक कोरडं होतं. पाणी नाही म्हणजे दाब नाही, असं क्षणभर दोघांनाही वाटलं असावं. मग मधल्या टेकूने आवाज केला. लाकडावर वजन वाढलं की येतो तो, सुतारालाच नव्हे, कुणालाही कळेल असा. नळीत मागून चिखल बसला होता. भीमराजने खाली हात केला. दशरथने छत्रीची काडी दिली, ती वाकली. मग त्याने घरातून स्टोव्हवर वांगी भाजायची सळई आणली. भीमराजने ती भोकात घातली. एकदा. आत मऊ लागलं. पुन्हा. सळई कोपरभर आत गेली, त्याचा गाल दगडाला टेकला. त्याला भिंत ऐकू येत होती, की आपलंच रक्त, ते कळेना. त्याने सळई फिरवली आणि ओढली.

आधी हवेचा उसासा आला. मग तांबडा चिखल त्याच्या कपाळावर, डोळ्यांत, तोंडात. आणि मग पाणी, करंगळीएवढी धार, पण अशी की पलीकडच्या खिडकीच्या गजावर आपटून तिचा तुषार झाला. दशरथने ती धार अंगावर घेतली आणि बाजूला झाला नाही.

दुसरं भोक, तिसरं. वरची ओळ धो धो वाहू लागली तेव्हा भीमराज पिंपावरून उतरला आणि खालच्या ओळीला बसला. गल्लीत घोटाभर पाणी झालं, परबांच्या मागल्या दारातून आत गेलं, स्वयंपाकघरातून पुढल्या दाराने बाहेर आलं, आणि त्याबरोबर एक चमचा, दोन बटाटे आणि दशरथची एक चप्पल. दोघांपैकी कुणी अडवायला गेलं नाही. संध्याकाळ होता होता धारा बारीक झाल्या. भीमराजने पुन्हा भिंतीवर हात ठेवला. पोट आत गेलं नव्हतं. जाणारही नव्हतं. पण पाचर अंगठ्याने किंचित हलली, म्हणजे भार उतरला होता. तो चिखलात खाली बसला आणि दशरथला म्हणाला, "दादा, आता चहा मिळेल का?" मुंबईच्या मराठीत. दशरथने ओळखलं, ताप उतरला.

त्या रात्री पाचवी द्रौपदीच्या घरी झाली, बुद्धाच्या तसबिरीशेजारच्या कोपऱ्यात, द्रौपदीच्याच पाट्या-वरवंट्यावर. सटवाईला पत्ता सापडला असावा, पोरगं धडधाकट आहे. सुंदराबाईने चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली.

पाऊस सरल्यावर पालिकेची माणसं आली, भिंतीचं पोट उतरवून नव्याने बांधून गेली. तोवर टेकू तसेच होते, त्यामुळे त्या वर्षी मंडप बुटका झाला, इतका की गणपतीच्या मुकुटाला वरचं कापड टेकत होतं. कुणी नाक मुरडलं की दशरथ सांगायचा, देवच तो, तेका वाक म्हटलंय. गल्लीत पाणी पुन्हा येऊ लागलं, दाराखालून आत जाऊ लागलं. भीमराजने परबांच्या दाराशी लाकडाची एक पन्हळ बसवून दिली, पाणी बाजूने जाईल अशी. भोकांना हात लावला नाही.

आणि इथेच पैज लागली. हे लिहिणारी पोरगी त्याच चाळीत राहते आणि माणसांचे आवाज काढते. तिचं म्हणणं, तायडेकाकांना गळती बघवत नाही, पुढच्या पावसाळ्यात एका तरी भोकात काही ना काही कोंबतीलच. काका म्हणाले, नाही. हरले तर त्यांनी पंधरा ऑगस्टला सगळ्या चाळीसमोर साहेब जहाजावर चढताना वाजवतात ती नौदलाची शिट्टी वाजवायची. ही हरली तर वर्षभर त्यांची नक्कल बंद.

सत्त्याऐंशीचा पावसाळा तिने खिडकीत बसून राखला. आषाढात एका धारेने मार्ग बदलला आणि ती नेमकी पन्हळीबाहेर, काकांच्या नव्या चपलेवर पडू लागली. काका उभे राहिले. त्यांचा हात खिशात गेला. खिशातलं बूच बाहेर आलं. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, भोकाकडे पाहिलं, तळहात भिंतीवर ठेवला आणि तो लांब हंऽ काढला. इकडे खिडकीत शिट्टी ऐकायची तयारी झाली होती.

परबांचा नातू दारात रांगत आला होता, दात फुटत होते, दिसेल ते चावत होता. काकांनी बूच शर्टाने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते तोंडात घातलं. काकांनी चपला उचलल्या आणि अनवाणी घरी गेले.

तेव्हापासून ढकलायचं नाही, धरायचं, हे तोंडाने म्हणायला हिला बंदी आहे. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं.